पीट ते माळरान : परागगणनेची कुळकथा

स्वीडनमध्ये दगडी कोळसा फारसा नाही. दलदली मात्र उदंड. या दलदलींत शेवाळ आणि पाणवनस्पती हजारो वर्षं अर्धवट कुजत थरावर थर साचत राहतात. त्या काळसर, ओल्या थराला पीट म्हणतात. वाळवलं की ते जळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी कोळशाला पर्याय म्हणून देशात पीट किती आहे, याची मोजदाद तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं हाती घेतली. लेनार्ट फॉन पोस्ट (१८८४-१९५१) हा तरुण भूवैज्ञानिक त्या कामावर होता. दलदलीत सळई घालायची, खोलवरचे नमुने वर काढायचे, थरांची नोंद करायची, हा त्याचा रोजचा धंदा. जंगलांचा हजारो वर्षांचा इतिहास लिहिण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, ती या इंधनाच्या मोजदादीतून निघाली.

पीटमध्ये परागकण सापडतात हा शोध फॉन पोस्टचा नव्हे. जर्मनीत ग्योपर्ट आणि एरेनबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच खडकांत जुने परागकण पाहिले होते. १८८५ साली फ्र्यू या स्विस अभ्यासकानं पीटमधल्या परागकणांची नोंद केली. पुढे जर्मनीत वेबरनं आणि स्टॉकहोममध्ये वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक गुस्ताफ लागरहाइम यानं ते मोजायलाही सुरुवात केली. कोणत्या झाडाचे किती टक्के कण मिळाले, हे सांगण्याची कल्पना लागरहाइमच्या वर्तुळातच रुजली. फॉन पोस्टनं ती तिथूनच उचलली. पण या सगळ्यांच्या लेखी ती एखाद्या नमुन्याची जास्तीची माहिती होती. ‘या थरात पाइनचे कण आहेत’, इतकंच.

फॉन पोस्टची अडचण वेगळी होती. दोन दलदली शेजारी शेजारी असल्या तरी त्यांचे थर जुळत नसत. एकीत दोन मीटरवर झाडांचे बुंधे लागायचे, दुसरीत त्याच खोलीवर नुसतं शेवाळ. त्या काळी नॉर्वेचा ब्लिट आणि स्वीडनचा सेर्नांडर यांच्या मांडणीवरून मोठा वाद पेटला होता. हिमयुगानंतर हवामान आळीपाळीनं कोरडं आणि ओलं होत गेलं, असं ते पीटच्या थरांवरून सांगत. हा वाद सोडवायचा तर एका दलदलीतला थर दुसरीतल्या कोणत्या थराच्या वेळचा, हे आधी कळायला हवं. बुंधे, पानं, बिया जागच्या जागी पडतात, त्यामुळे त्या फक्त त्याच जागेबद्दल बोलतात. पराग मात्र वाऱ्यानं उडतो आणि आसपासच्या सगळ्या दलदलींवर एकाच हंगामात पडतो. त्यातलं प्रमाण बदललं तर ते सगळीकडे एकदमच बदलणार. फॉन पोस्टनं नेमकं हे हेरलं.

१९१६ च्या जुलैमध्ये क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, स्कँडिनेव्हियातल्या निसर्गशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे फॉन पोस्टनं दक्षिण स्वीडनमधल्या दलदलींचे आलेख मांडले. उभ्या अक्षावर खोली, आडव्या अक्षावर टक्केवारी, आणि प्रत्येक झाडाची स्वतंत्र रेघ. खालून वर वाचत गेलं की जंगलाची हजारो वर्षांची हालचाल समोर यायची. आधी बर्च आणि पाइन, मग हेझल आणि आल्डर, मग एल्म, लिंडेन, ओक अशी उबदार हवेतली झाडं, आणि अगदी अलीकडे बीच आणि स्प्रूस. वेगवेगळ्या दलदलींतल्या रेघा एकमेकींशी जुळत होत्या. आजही परागांचे आलेख थेट याच नमुन्यावर काढले जातात.

हे भाषण स्वीडिश भाषेत झालं, त्यात युरोपात युद्ध चाललेलं, त्यामुळे ते बाहेर पोचायला वेळ लागला. ते पोचवलं गुन्नार एर्टमन (१८९७-१९७३) यानं. त्यानं १९२१ साली आपला प्रबंध जर्मनमध्ये लिहिला आणि पद्धत एकदम सगळ्या युरोपच्या हाती आली. पुढे १९४३ साली त्यानं इंग्रजीत पाठ्यपुस्तकही लिहिलं. मधल्या काळात, १९३७ साली, तो गोथेनबर्गहून न्यूयॉर्कला बोटीनं निघाला तो घरात वापरायचे व्हॅक्यूम क्लीनर सोबत घेऊन. भर अटलांटिकवर ते चालू ठेवून त्यानं हवा गाळली आणि किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आतसुद्धा परागकण मिळतात हे दाखवलं. यात एक इशाराही होता. सापडलेला प्रत्येक कण जवळच्याच झाडाचा असेल असं नाही.

हे सगळं ज्यामुळे शक्य झालं ती गोष्ट म्हणजे परागकणाचं कवच. बहुतेक परागकण मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढे असतात. आतला जिवंत भाग लवकर नाहीसा होतो, पण बाहेरचं स्पोरोपोलेनिन नावाचं कवच आम्लांना दाद देत नाही. त्याचा शत्रू एकच, प्राणवायू. दलदलीच्या तळाशी किंवा तळ्याच्या गाळात हवा पोचली नाही, तर ते हजारो काय, लाखो वर्षं टिकतं. शिवाय त्यावरचं नक्षीकाम झाडागणिक वेगळं असतं. पाइनच्या कणाला दोन हवेच्या पिशव्या असतात. गवताचा कण गुळगुळीत, गोल, आणि त्याला कडं असलेलं एकच छिद्र. मात्र बहुतेक गवतांचे कण एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. धान्याच्या गवताचे कण साधारण मोठे असतात, तेवढाच काय तो आधार.

प्रयोगशाळेत काम करताना कवचाच्या या चिवटपणाचाच फायदा घेतात. गाळाचा चमचाभर नमुना घ्यायचा. चुना काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल, कुजका अंश काढायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड, वाळू विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल. हे शेवटचं इतकं घातक असतं की ते वापरताना हातमोजे आणि धूर खेचून घेणारं कपाट अनिवार्य. मग एर्टमननं आपल्या रसायनशास्त्रज्ञ भावाच्या मदतीनं १९३० च्या दशकात बसवलेली कृती करायची. नऊ भाग अॅसेटिक अनहायड्राइड आणि एक भाग सल्फ्युरिक आम्ल यांत नमुना तापवला की सेल्युलोज जातं आणि परागकण सोनेरी-तपकिरी होऊन उठून दिसतात. उरलेला थेंब ग्लिसरीनमध्ये काचपट्टीवर घ्यायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली चारशेपट मोठा करून रांगेनं मोजत जायचं. एका नमुन्यात निदान तीनशे कण, आणि तळातून उभी काढलेल्या गाळाच्या एका कांबीतून असे कित्येक नमुने. म्हणजे एक आलेख तयार व्हायला काही वेळा वर्षं जातात.

फॉन पोस्टच्या टक्केवारीत एक खोट होती. निवडणुकीत एका पक्षाच्या मतांचा टक्का वाढला की दुसऱ्याचा घटतो, त्याची प्रत्यक्ष मतं तेवढीच राहिली तरी. इथेही तेच. पाइनचे कण दुप्पट झाले की ओकची रेघ खाली येते, ओकचं एक झाडही मेलेलं नसताना. यावर १९७१ साली स्टॉकमार यानं सोपा उपाय काढला. क्लबमॉस या वनस्पतीचे बीजाणू नेमक्या संख्येनं भरलेली गोळी सुरुवातीलाच नमुन्यात टाकायची. शेवटी त्यातले किती बीजाणू सापडले यावरून मूळ गाळात परागकण किती होते याचा हिशेब निघतो. आज जगातल्या बहुतेक परागप्रयोगशाळांत ही गोळी वापरतात.

पहिली पंचवीसेक वर्षं परागगणना हे मुख्यतः काळ ठरवण्याचं साधन होतं. फॉन पोस्टला ते त्यासाठीच हवं होतं. जंगल कसं होतं, कोणी तोडलं, हे प्रश्न दुय्यम. चित्र पालटलं ते डेन्मार्कच्या योहानेस इव्हर्सनमुळे. १९४१ साली त्यानं तिथल्या पाषाणयुगीन थरांतली एक विचित्र उलथापालथ दाखवली. एल्म, लिंडेन, ओक अशा झाडांचे कण अचानक घटतात, त्याच जागी कोळशाचा थर दिसतो, मग गवत, धान्याचे कण आणि रस्त्याकडेला, चराऊ कुरणात उगवणाऱ्या प्लँटेनचे कण वर येतात. काही काळानं बर्च आणि हेझल परततात आणि जंगल पुन्हा दाटतं. इव्हर्सनचं म्हणणं, हे हवामानाचं काम नव्हे. हे शेतकऱ्यांचं काम आहे. माणसं आली, जंगल तोडून जाळलं, पेरणी केली, गुरं चारली आणि पुढे सरकली.

दगडी कुऱ्हाडीनं एवढं जंगल तोडता येतं का, ही शंका लगेच निघाली. मग १९५० च्या दशकात दक्षिण युटलंडमधल्या द्राव्हेदच्या जंगलात प्रयोग झाला. संग्रहालयातल्या चार हजार वर्षं जुन्या, घासून गुळगुळीत केलेल्या चकमकीच्या कुऱ्हाडींना दलदलीत सापडलेल्या मूळ दांड्यांबरहुकूम दांडे बसवले. पोलादी कुऱ्हाडीची सवय असलेल्या लाकूडतोड्यांनी खांद्यापासून जोरानं घाव घातले तर दगडाची धार तुटायला लागली. कोपरापासून आखूड, भराभर घाव घातले तेव्हा मात्र काम जमलं. फूटभर जाडीची झाडं अर्ध्या तासाच्या आत पडू लागली, आणि तीन माणसांनी चार तासांत सुमारे पाचशे चौरस मीटर जागा मोकळी केली. मग झाडझाडोरा जाळून राखेत गहू आणि जव पेरले. जळलेल्या जागी पीक चांगलं आलं, न जळलेल्या जागी जवळजवळ काहीच नाही. त्यानंतर तिथे कोणकोणतं तण येतं हेही पाहिलं, आणि आलेखात दिसणारी प्लँटेन तिथेही उगवली.

जंगलाच्या इतिहासात हवामानाचा हात कुठे आणि माणसाचा कुठे, हा परागशास्त्राचा खरा प्रश्न तेव्हापासून झाला. योगायोग असा, की १९४९ नंतर लिबीची रेडिओकार्बन पद्धत आली आणि काळ ठरवण्याचं ओझं परागांच्या खांद्यावरून उतरलं. थरांना स्वतंत्र तारखा मिळाल्या, आणि परागांना पूर्णवेळ साक्षीदार होता आलं.

भारतात या शास्त्राची पहिली पावलं काश्मीरच्या करेवा गाळात पडली. तिथल्या परागांवर रॉजर वुडहाउस या अमेरिकन अभ्यासकानं १९३५ साली लिहिलं. भरभक्कम पाया घातला तो बिरबल साहनी यांनी. लखनौच्या पुरावनस्पती संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. आठवड्याभरातच साहनी गेले, पण संस्था उभी राहिली आणि तिथून परागतज्ज्ञांची पिढी तयार झाली. गुरदीप सिंग यांनी राजस्थानातल्या सांभर, डिडवाणा, लुणकरणसर या खाऱ्या सरोवरांच्या गाळातून वाळवंटाचा दहा हजार वर्षांचा आलेख काढला आणि १९७१ मध्ये तो सिंधू संस्कृतीशी जोडला. पाऊस वाढला तेव्हा ती बहरली, पाऊस घटला तेव्हा ओसरली. मांडणी सुटसुटीत होती. १९९९ मध्ये लुणकरणसरच्या नव्या तारखा आल्या आणि त्यांवरून सरोवर त्या संस्कृतीच्या भरभराटीच्या आधीच आटलं होतं असं निघालं. कणांची मोजणी बरोबर असली तरी घड्याळ चुकलं की गोष्ट बदलते, हा धडा त्यातून मिळाला.

दक्षिणेत हे काम पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेत वाढलं. तिथली परागप्रयोगशाळा उभारण्यात गणपती तणिकैमणी यांचा मोठा वाटा होता. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत पॅन अॅमचं विमान दहशतवाद्यांनी अडवलं, त्यात ते मारले गेले. याच संस्थेच्या जी. वसंती यांनी १९८८ साली निलगिरीतल्या सँडीनल्लाच्या दलदलीतले पराग तपासले. निलगिरीच्या माथ्यावरची गवताळ कुरणं म्हणजे मूळच्या शोला जंगलाची माणसानं केलेली नासाडी, असा समज होता. शेती यायच्या कितीतरी आधीपासून तिथे गवत होतं, असं त्या गाळानं सांगितलं. संस्थेच्या क्लोद कारातिनी आणि सहकाऱ्यांनी गोव्याला लागून असलेल्या कारवारसमोरच्या समुद्रतळाचा गाळ तपासला. नद्यांनी वाहून आणलेले सह्याद्रीचे परागकण त्यात होते. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून हवा कोरडी होत गेली, दमट जंगल आणि खारफुटी मागे हटली, असं त्यांनी १९९४ मध्ये दाखवलं. अलीकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या हंगामी तळ्याच्या गाळातून, पराग आणि सूक्ष्म शैवालं पाहून, आठेक हजार वर्षांच्या मोसमी पावसाचे चढउतार वाचले आहेत.

आपल्याकडचा सर्वांत बोलका पुरावा मात्र बुलढाण्यातल्या लोणारचा. उल्कापातानं झालेल्या त्या विवरातून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. जे पडतं ते तळाशी साचतं. तिथून काढलेल्या सुमारे दहा मीटर लांबीच्या गाळात जवळपास अकरा हजार वर्षं आहेत. आधी काठावरच्या आजच्या झाडांचा आणि वरच्या ताज्या गाळातल्या परागांचा ताळा घालून पाहिला. हे करावंच लागतं. युरोपातली बहुतेक झाडं वाऱ्यावर पराग सोडतात, आपल्याकडची बरीचशी कीटकांवर अवलंबून. साग डोंगरभर असला तरी गाळात त्याचे कण तुटपुंजेच मिळतात. हा हिशेब न करता आलेख वाचला तर सागाचं रान असून ते नसल्याचा निष्कर्ष निघेल.

हा अभ्यास नील्स रीडेल आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. त्यांनी परागांसोबत कोळशाचे कण आणि हवामानाच्या इतर खुणाही तपासल्या. निष्कर्ष असा : गेल्या सुमारे सहा हजार वर्षांत मोसमी पाऊस कमकुवत होत गेला, त्यामुळे जंगल मागे सरलं आणि गवताळ, विरळ झाडांची रानं पसरली. कुऱ्हाडीनं नव्हे, वणव्यांनीही नव्हे. शेती आणि गुरंपालन इथे त्यानंतर आलं. उघडी रानं मिळाली म्हणून इथे माणसं शेती आणि गुरं घेऊन स्थिरावली, माणसं स्थिरावली म्हणून रानं उघडी झाली नाहीत, असं ते सुचवतात. इव्हर्सननं डेन्मार्कमध्ये जंगलाच्या नाशाचा दोष माणसाला दिला. त्याच पद्धतीनं लोणारमध्ये माणूस निर्दोष ठरला. एका साधनानं दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं दिली, हाच त्याच्या विश्वासार्हतेचा दाखला.

मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात या निकालाचं वजन मोठं आहे. आपल्याकडे ‘पूर्वी इथे घनदाट जंगल होतं, लोकांनी तोडलं’ हे वाक्य इतकं रूढ आहे की ते तपासावं असं कुणाला वाटत नाही. सरकारी दप्तरात माळरानाची नोंद बहुतेक वेळा ‘पडीक’ अशी होते. मग दर पावसाळ्यात तिथे खड्डे खणले जातात, ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी लावली जाते, फोटो निघतात. तिथल्या माळढोकाला, तणमोराला, लांडग्याला, चिंकाऱ्याला उघडं गवतच लागतं, आणि धनगरांच्या मेंढरांनाही. २०२५ साली दोन अभ्यासकांनी जुन्या मराठी पोथ्या, ओव्या आणि लोककथांतल्या झाडाझुडपांचे उल्लेख गोळा केले, आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या वर्णनांतही बाभळी-बोरींचा उघडा माळच दिसतो असं दाखवलं. विवराचा गाळ आणि पोथ्यांचे कागद एकाच दिशेला बोट दाखवतात.

याचा अर्थ सगळेच माळ मूळचे, असा नाही. सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणात, जुन्या देवराईंच्या भोवती तोडलेलं जंगल खरोखर तोडलेलंच आहे, आणि तिथे ते परत यायला हवं. फरक जागेगणिक आहे. तो अंदाजानं नव्हे, त्या जागेच्या आसपासच्या तळ्याचा, दलदलीचा गाळ पाहून ठरवायचा असतो. महाराष्ट्रात गाळाचे असे थर सांभाळणारी जुनी तळी मोजकीच आहेत. त्यातलं एखादं पोकलेनखाली ‘गाळमुक्त’ झालं की हजारो वर्षांची नोंद ट्रकमधून शेतावर पसरते. शेताला गाळ लागतो हे खरं. पण पोकलेन लावण्याआधी त्यातली एक कांब परागतज्ज्ञांना काढू द्यायला फारसा खर्च येत नाही.

तेव्हा तुमच्या मंडळानं, शाळेनं किंवा कंपनीनं यंदा माळावर झाडं लावायचं ठरवलं असेल, तर रोपं मागवण्याआधी जवळच्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला एवढंच विचारा : या जागेवरचं जंगल माणसानं तोडलं होतं का? उत्तर ‘नाही’ असं आलं, तर तो माळ माळच राहू द्या.